आमची वाटचाल : तेलावरून इंजिन ओळखण्याचे काम

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा आहे. इंजिनातून काढलेले शंभर मिलिलिटर तेल तपासून त्या इंजिनात काय झिजते आहे आणि किती वेगाने झिजते आहे, हे लेखी सांगणे एवढेच काम आम्ही करतो. आम्ही तेल विकत नाही, इंजिन बांधत नाही आणि सुटे भागही ठेवत नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण ज्याने आम्हाला जवळजवळ संपवले होते तो तेल विकत होता.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागलो होतो. भट्टीतल्या धातूचे बटण, म्हणजे ओतून घेतलेला छोटा नमुना, घासायचे, स्पेक्ट्रोवर, म्हणजे प्रकाशावरून धातूंचे प्रमाण सांगणाऱ्या यंत्रावर, ठेवायचे आणि आकडे वाचून भट्टीवाल्याला सांगायचे, हे माझे काम होते. आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायला आले. त्यांची सारी नोकरी डिझेल शेडच्या प्रयोगशाळेत गेली होती, आणि सगळे त्यांना काका म्हणत म्हणून मीही म्हणू लागलो. लोकोचे, म्हणजे रेल्वे इंजिनाचे, तेल वर्णपटाने तपासून इंजिनाची झीज ओळखण्याची ही रीत अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेने १९४० च्या दशकात रूढ केली आणि पुढे आपल्या रेल्वेनेही ती शेडमधून चालवली, हे मी प्रथम त्यांच्याकडून ऐकले. काकांचा प्रश्न साधा होता. महामार्गावरून रोज हजारो ट्रक जातात, त्यांतले कित्येक सात-आठ लाख किलोमीटर झालेले असतात, आणि त्यांच्या इंजिनाचा निर्णय मात्र मिस्त्रीच्या कानावर आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, धुरावर होतो. मग रेल्वेला जे जमते ते ट्रकवाल्याला का मिळू नये?

घर गहाण ठेवून आम्ही एक वापरलेला स्पेक्ट्रोमीटर घेतला. तो आजही चालू आहे आणि त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ग्रॅफाइटची चकती तेलात अर्धवट बुडून फिरते, तेलाचा पातळ थर घेऊन वर येते, आणि वरून टोक काढलेल्या ग्रॅफाइटच्या कांडीतून तिच्यावर ठिणगी पडते. अर्ध्या मिनिटात तेल जळते, प्रत्येक धातू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतो आणि यंत्र त्याचे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, मोजमाप करते. प्रत्येक नमुन्याला नवी चकती लागते आणि कांडीचे टोक नव्याने काढावे लागते. त्यात आळस केला तर मागच्या गाडीचे लोह पुढच्या गाडीच्या नावावर चढते. सकाळी प्रमाणित तेल जाळून आकडे जुळल्याशिवाय ग्राहकाची बाटली उघडायची नाही, हा काकांचा नियम होता. ते स्वतः मात्र स्पेक्ट्रोपेक्षा काचेच्या व्हिस्कोमीटरवर, म्हणजे तेलाचा चिकटपणा मोजणाऱ्या नळीवर, जास्त जीव लावत. शंभर अंशांच्या बाथमध्ये नळी उभी करून, स्टॉपवॉच हातात धरून ते तेल एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत उतरण्याची वाट पाहत. ट्रकच्या इंजिनात भरतात त्या १५डब्ल्यू-४० दर्जाच्या तेलाची या तापमानाला चिकटपणाची मर्यादा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक आहे. आकडा त्याच्या खाली गेला की त्यांची पहिली शंका डिझेल मिसळल्याची असे, आणि वर गेला की काजळीची किंवा तेल जळून दाट झाल्याची. गरम तव्यावर तेलाचा थेंब तडतडला की पाणी, आणि गाळण कागदावर थेंब पसरताना काजळी मधेच काळ्या ठिपक्यात अडकली की तेलाची काजळी पेलण्याची ताकद संपली. या दोन चाचण्यांना वीजही फारशी लागत नाही आणि त्या आम्ही आजही सोडलेल्या नाहीत.

वाचकांपैकी बहुतेकांना धातूंचे गणित माहीत असेल, म्हणून त्यावर रेंगाळत नाही. लोह आणि क्रोमियम बरोबर वाढले तर लायनर (सिलिंडरचे अस्तर) आणि पिस्टनची रिंग, शिसे, तांबे आणि कथील बरोबर वाढले तर बेअरिंग, सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर तेलात शिरलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी), सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र दिसले तर एअर क्लीनरमधून येणारी धूळ, आणि सिलिकॉनशिवाय अ‍ॅल्युमिनियम वाढले तर पिस्टन. याच शेवटच्या वाक्याने आमचा घात केला.

सर्वांत मोठा ग्राहक म्हणावा असा एक वाहतूकदार तेव्हा आमच्याकडे होता. त्याच्या गाड्या राधानगरी आणि शाहूवाडीच्या पठारांवरील खाणींतून बॉक्साईट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे खनिज, भरून बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याकडे जात. त्यातल्या सात लाख चाळीस हजार किलोमीटर झालेल्या एका गाडीच्या नमुन्यात अ‍ॅल्युमिनियम ५८, लोह ९२, क्रोमियम ३ आणि सिलिकॉन फक्त ९ पीपीएम आले. मागच्या नमुन्यात अ‍ॅल्युमिनियम ११ होते. सिलिकॉन कमी, म्हणजे धूळ नाही. धूळ नाही, म्हणजे पिस्टन. मी अहवालावर ‘पिस्टन घासले जात असण्याची दाट शक्यता, इंजिन त्वरित उघडावे’ असे लिहिले आणि सही केली. काका त्या आठवड्यात गावी गेले होते.

इंजिन उघडले. पिस्टनवर बोट ठेवावे असा एक ओरखडा नव्हता, आणि लायनरवरील होनिंगच्या, म्हणजे बनवताना घासून काढलेल्या, तिरप्या रेषा अजून दिसत होत्या. गाडी दहा दिवस उभी राहिली, हेड गॅस्केट आणि रिंग संचाचा खर्च झाला, आणि मालकाने माझा अहवाल टेबलावर ठेवून विचारले, ‘हे कसं झालं, सांगा.’ माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने सगळ्या गाड्यांचे नमुने बंद केले.

काका परत आले तेव्हा त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. प्रत्येक नमुन्याची उरलेली बाटली आम्ही तीन महिने ठेवतो. त्यांनी तीच बाटली काढून पुन्हा जाळली आणि आमच्या अहवालात न छापला जाणारा टायटॅनियमचा आकडा पाहिला. तो ९ होता. त्या इंजिनाच्या कुठल्याही झिजणाऱ्या भागात टायटॅनियम नव्हते, आणि भरलेल्या कोऱ्या तेलाचा नमुना जाळला तर त्यातही ते नव्हते. दुसऱ्या दिवशी ते त्याच गाडीच्या हौद्यातून तांबडी माती घेऊन आले, ती बारीक चाळून कोऱ्या तेलात घोटली आणि यंत्रावर धरली. अ‍ॅल्युमिनियम, लोह आणि टायटॅनियम वर आले, सिलिकॉन जेमतेम हलले. काळ्या बेसाल्टच्या साध्या धुळीत सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट असते. बॉक्साईट म्हणजे त्याच खडकातून सिलिका वाहून गेल्यावर उरलेला भाग, त्यामुळे तिथे गणित उलटे होते, आणि दख्खनच्या बॉक्साईटमध्ये टायटॅनियम भरपूर असते. पुस्तकातला नियम काळ्या मातीत खरा होता, पठारावर नव्हता. पुढे एअर क्लीनर आणि इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या मधल्या होज पाइपला, क्लॅम्पखाली झाकली गेलेली चीर सापडली. या भागातील बॉक्साईटमधले खनिज मुख्यतः गिब्साइट, आणि ते मऊ असते. क्वार्ट्झच्या वाळूसारखे ते लायनर कापत नाही, म्हणूनच ते इंजिन वाचले होते. हे सगळे लिहून, चुकीची कबुली देऊन आम्ही त्या मालकाला पत्र दिले. त्याने ते वाचले की नाही, मला आजही माहीत नाही.

त्या चुकीची जबाबदारी माझी आहे आणि ती मी कधी नाकारलेली नाही. परंतु त्यानंतर जे घडले ते मी विसरू शकलेलो नाही. जिल्ह्यातील तेलाच्या एका मोठ्या विक्रेत्याने त्याच सुमारास ‘मोफत तेल तपासणी’ सुरू केली. त्याचा माणूस आमच्या त्या अहवालाची छायाप्रत खिशात घेऊन गाडीतळावर आणि पेट्रोल पंपांवर फिरत असे आणि प्रत्येक मालकाला ती दाखवत असे. पत्राची प्रत मात्र त्याने कधी दाखवली नाही. त्याच्या मोफत अहवालाची शिफारस बहुधा एकच असे, की तेल बदला आणि आमचे महाग तेल भरा. आमच्याकडे महिन्याला दोनशेच्या वर बाटल्या येत होत्या, त्या चाळीसवर आल्या. यंत्राच्या कर्जाचे चार हप्ते थकले. बँकेचा माणूस दारात आला तेव्हा काका बाथमधल्या नळीकडे पाहत होते, आणि तेल खालच्या खुणेपर्यंत उतरल्यावरच त्यांनी मान वर केली. त्यांनी आठ महिने एक रुपयाही घेतला नाही. माझ्या पत्नीने स्वतःहून बांगड्या काढून दिल्या. हे लिहिताना मला संकोच वाटतो, तरी लिहिले पाहिजे.

त्या दिवसांत मलकापूरचे एक वाहतूकदार, ज्यांना सगळा तालुका तात्या म्हणतो, आमच्याकडे आले. त्यांच्या बावीस गाड्या होत्या आणि विक्रेत्याची छायाप्रत त्यांनीही पाहिली होती. ते मला म्हणाले, ‘चूक झाली ती झाली. पण ती का झाली ते तुम्ही शोधून काढलंसा आणि लिहून दिलंसा. माझ्या गाड्यांचं तेल हितंच यील.’ त्यांनी बावीस गाड्यांचे वर्षभराचे पैसे आगाऊ दिले. त्यातून दोन हप्ते भरले गेले आणि यंत्र दारातून गेले नाही.

त्या विक्रेत्याने तात्यांनाही सोडले नाही. त्यांच्या एका जुन्या गाडीचे तेल त्याने फुकट तपासून ‘सर्व सामान्य’ असा अहवाल दिला. त्याच तेलाचे आमच्याकडचे आकडेही जवळपास तेच होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक एवढाच पडला, की त्या गाडीत तीन हजार किलोमीटरपूर्वी पाच लिटर टॉप-अप झाल्याचे, म्हणजे नवे तेल वरून ओतल्याचे, काकांनी ड्रायव्हरकडून काढून घेतले, आणि ऑईल प्रेशर गरम इंजिनावर थोडे पडते आहे हेही विचारून घेतले. ठिणगीचे यंत्र आठ-दहा मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट पाहू शकते; त्याहून मोठे तुकडे त्याच्या दृष्टीने नसतातच. काकांनी जुना ऑईल फिल्टर मागवला, कटरने कापला, कागदाची घडी उलगडून पेट्रोलमध्ये धुतली आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले. लोहचुंबकाला न चिकटणाऱ्या, चपट्या, चकचकीत पापुद्र्यांनी ती घडी भरली होती. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, उतरवला तेव्हा एका बिग एंड बेअरिंगचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगचा, थर सुटलेला आढळला. बेअरिंग बदलले, क्रँक ग्राइंडिंगला न पाठवता वाचला. तात्यांनी तो पापुद्र्यांचा कागद पिशवीत घालून वर्षभर जवळ बाळगला आणि ज्याने छायाप्रत दाखवली त्याला तो दाखवला.

त्यानंतर बाटल्या परत वाढल्या. एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही गाड्यांच्या धुराची मानके आली, डिझेलमधील गंधक ५० आणि मग १० पीपीएमपर्यंत उतरले, तेलातील क्षाराचा, म्हणजे आम्ल मारण्याच्या ताकदीचा, आकडा पूर्वीपेक्षा हळू खाली येऊ लागला आणि ईजीआरच्या, म्हणजे धुराचा काही भाग परत आत फिरवणाऱ्या, इंजिनांत काजळीकडे लक्ष जास्त द्यावे लागले. मधली वर्षे कामात गेली. काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे स्टॉपवॉच मी अजून वापरतो.

कोणी विचारले नसले तरी जुन्या गाडीच्या मालकांना काही गोष्टी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नमुना काढायचा तो गाडी फिरून आल्यावर, इंजिन गरम असताना. ड्रेनमधून पहिले तेल जाऊ द्या आणि मधल्या धारेला बाटली लावा, किंवा डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढा. बादलीतून बुडवून आणलेली बाटली आम्ही परत पाठवतो, मग ग्राहक कितीही रागावो. बाटलीवर गाडीचे किलोमीटर, तेलाचे किलोमीटर आणि मधे ओतलेले तेल या तिन्ही गोष्टी लिहा, कारण टॉप-अपने झीज पातळ होते आणि तुम्ही स्वतःलाच फसवता. कोऱ्या तेलाचा नमुना एकदा तरी द्या. काही तेलांत मॉलिब्डेनम, बोरॉन किंवा टायटॅनियम कंपनीनेच घातलेले असते, आणि ते माहीत नसेल तर त्याला झीज किंवा गळती समजण्याची चूक माझ्यासारखीच तुमच्याकडूनही होईल. गॅस्केटला सिलिकॉन लावून इंजिन नुकतेच बांधले असेल तर तेही कळवा, म्हणजे पहिल्या तेलातल्या सिलिकॉनला आम्ही धूळ म्हणणार नाही. गाडी कोणता माल, कोणत्या रस्त्याने वाहते, हे विचारण्याचा रकाना आमच्या फॉर्मवर त्या प्रसंगापासून आहे आणि तो रिकामा ठेवू नका. एका आकड्यावर, मग तो माझ्या सहीचा असला तरी, इंजिन उघडू नका. निदान तीन नमुन्यांचा चढ पाहा, हजार किलोमीटरमागे काढा, आणि त्याच्याशी प्रेशर, तेल खाणे आणि ब्रीदर ताडून पाहा. ज्याला तुम्हाला तेल विकायचे आहे त्याच्याकडून तेलाचे आयुष्य ठरवून घेऊ नका.

तात्यांचा व्यवसाय आता त्यांचा मुलगा पाहतो, तरी पहिल्या गाडीची बाटली ते स्वतः घेऊन येतात. तिचे अकरा लाख किलोमीटर झाले असून इंजिनाचे पूर्ण काम आजवर एकदाच झाले आहे. मागच्या तीन नमुन्यांत तिचे शिसे ४, ११ आणि १९ असे चढले आहे, तांबे त्याच्या मागोमाग आहे, आणि लोह मात्र जागेवर आहे. इंजिन उतरवू नका, फक्त चेंबर खोलून मेन (क्रँकला धरणारे) आणि बिग एंड बेअरिंग पाहून घ्या, असे मी त्यांना लिहून दिले आहे. सोमवारी गाडी मिस्त्रीकडे लागणार आहे आणि जुना फिल्टर न कापता माझ्याकडे आणायचा, असे ठरले आहे.