मॅनेज्ड डेटाबेस आणि उरलेलं काम : आमची वाटचाल

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लज या पट्ट्यातल्या फाउंड्र्या, सौहार्द पतसंस्था, दूध संकलन केंद्रं आणि उसाचे वजनकाटे यांचे डेटाबेस आम्ही सांभाळतो. बहुतेक पोस्टग्रेस, काही मायएसक्यूएल, थोडे मारियाडीबी; ही डेटाबेस चालवणाऱ्या प्रोग्रामांची नावं. सॉफ्टवेअर त्यांचं किंवा त्यांच्या प्रोग्रामरचं. आमच्याकडे त्याच्या खालचा डेटाबेस.

सुरुवातीला हे सगळं गिऱ्हाइकाच्या ऑफिसातच असायचं. टेबलाखाली सर्व्हर, शेजारी यूपीएस, रात्री एक वाजता डंप (सगळ्या डेटाची प्रत) आणि तो डंप त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर, म्हणजे मशीन गेलं की दोन्ही गेलं. तिथून भाड्याची व्हर्च्युअल मशीन्स आली आणि मग ॲमेझॉनची आरडीएस ही मॅनेज्ड सेवा, म्हणजे डेटाबेसचं मशीन ॲमेझॉनच सांभाळतं. ती २००९ साली मायएसक्यूएलवर सुरू झाली, पोस्टग्रेस २०१३ मध्ये आलं. मुंबई रीजन (ॲमेझॉनच्या तिथल्या डेटासेंटरांचा गट) २०१६ चं. त्यानंतर डिस्क, पॅचिंग, रोजचा बॅकअप आणि मशीन पडल्यावर दुसरं उभं राहणं हे आमच्या डोक्यावरून उतरलं. जे उतरलं नाही, त्याचेच आम्ही पैसे घेतो.

डेटाबेस मुंबईला नेला की पहिली तक्रार ठरलेली: पूर्वी झटक्यात उघडायचं, आता फिरत बसतं. डेटाबेस मंद झालेला नसतो. लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्याच नेटवर्कवर, एका क्वेरीची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची) ये-जा एक मिलिसेकंदाच्या आत होते. बेळगावहून मुंबईला समजा २५ मिलिसेकंद लागले आणि बिलाच्या स्क्रीनने २०० ओळींसाठी २०० क्वेऱ्या मारल्या, तर नुसत्या ये-जा करण्यात ५ सेकंद गेले. मोठं मशीन घेऊन यात काडीचा फरक पडत नाही. एक तर त्या २०० क्वेऱ्यांची एक जॉइन (टेबलं जोडून एकच क्वेरी) करायची, नाहीतर ॲप्लिकेशनच डेटाबेसच्या शेजारी त्याच रीजनमध्ये न्यायचं आणि ऑफिसात फक्त ब्राउझर ठेवायचा. आम्ही दुसरा मार्ग आधी सुचवतो. त्यात डेटाबेसचं पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) इंटरनेटला उघडावंच लागत नाही.

दुसरी ठरलेली गोष्ट कनेक्शनची. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते. मूळ मर्यादा १०० ची. आरडीएसवर ८ जीबीच्या मशीनला ती आपोआप आठशेच्या वर मिळते, पण परवानगी मिळाली म्हणून दोन कोअरचं मशीन तेवढं ओढेल असं नाही. मध्ये पीजीबाउन्सर हा पूलर (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) बसवायचा, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे एक ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणारे बदल) संपलं की कनेक्शन दुसऱ्याला, आणि मागे २० कनेक्शनं ठेवायची. पीजीबाउन्सर १.२१ च्या आधीचा असेल तर या मोडमध्ये प्रीपेअर्ड स्टेटमेंट्स (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेऱ्या) अडखळतात, ते आधी बघून घ्यावं.

काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र पूलरनेही भागत नाही. भरल्या ट्रॉलीचं वजन घेताना ट्रान्झॅक्शन उघडतं आणि रिकाम्या ट्रॉलीचं वजन आल्यावर बंद होतं. मधल्या वेळात ट्रॅक्टर यार्डात तासभर उभा. तेवढा वेळ त्या ओळीवर लॉक राहतं, म्हणजे दुसऱ्याला ती बदलता येत नाही, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे ऑटोव्हॅक्यूमला (पोस्टग्रेसची आपोआप होणारी साफसफाई) त्यानंतर मेलेल्या, म्हणजे बदलून वा पुसून निरुपयोगी झालेल्या, ओळी उचलता येत नाहीत; टेबल फुगत जातं. उपाय सरळ आहे: दोन वजनं, दोन ट्रान्झॅक्शनं. प्रोग्रामर हे बदलेपर्यंत आम्ही ट्रान्झॅक्शनमध्ये नुसत्या बसून राहिलेल्या सेशनला ५ मिनिटांची मुदत घालतो. मग आरडाओरडा होतो, पण योग्य माणसाकडे होतो.

बॅकअपबद्दल सगळे विचारतात, रिस्टोअरबद्दल कोणी विचारत नाही. आरडीएसवर मागच्या जास्तीत जास्त ३५ दिवसांतल्या कुठल्याही क्षणाला परत जाता येतं, साधारण पाच मिनिटांपूर्वीपर्यंत. पण ते परत जाणं चालू डेटाबेसवर होत नाही. शेजारी नवा डेटाबेस उभा राहतो, त्याचा पत्ता वेगळा असतो, आणि डिस्कवरचा डेटा मागणीप्रमाणे हळूहळू येत असल्यामुळे पहिल्या क्वेऱ्या रेंगाळतात. पतसंस्थेत कोणी ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता व्याजदर अपडेट केला, की वेळ काटेकोर लागते. सकाळी ११:२० ला चूक झाली असेल तर ११:१९ ला जायचं. कमांडला ती वेळ यूटीसीत (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) द्यायची, म्हणजे ०५:४९. कोणी घाईत ११:१९ च लिहिलं तर आपल्या घड्याळाने ते ४:४९ होतात, दुपारचे, आणि चूकही सोबत परत येते. नवा डेटाबेस उभा राहिला की सगळं ॲप्लिकेशन तिकडे वळवायचं नाही, कारण ११:२० नंतरच्या पावत्याही खऱ्याच असतात. फक्त व्याजदराचं टेबल डंप करून आणायचं, वेगळ्या नावाने ठेवायचं आणि जुळवून दुरुस्त करायचं.

हीच कवायत आम्ही महिन्यातून एकदा चूक नसतानाही करतो: ओळी मोजायच्या, तेरीज जुळवायची, लागलेला वेळ लिहून ठेवायचा. आणि तो डेटाबेस त्याच दिवशी डिलीट करायचा. नुसता थांबवला तर डिस्कचं भाडं चालूच राहतं आणि सात दिवसांनी तो आपोआप सुरू होतो. बिल आल्यावर कळतं.

आता आपल्या भागाचं खास दुखणं, नावं. कुऱ्हाडे हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं: काही कीबोर्ड स्वतंत्र ‘ऱ’ देतात, काही साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावतात. पडद्यावर दोन्ही सारखीच, डेटाबेसला दोन वेगळी. युनिक बंधन (तेच नाव दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम) असूनही एकाच सभासदाची दोन खाती निघतात. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ हे अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं फंक्शन आहे, पण ते तो जोडक काढत नाही. नाव आत येतानाच ‘र’, हलन्त आणि जोडक यांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवावं लागतं.

क्रमाचंही तसंच. कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) ‘सी’ असेल, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या कोड-क्रमांकांनी लावलेलं, तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ च्या मध्ये येतो, म्हणून यादीत काळे कावळेंच्या आधी, आणि क्षीरसागर ‘क’ मध्येच. शिपाईसुद्धा ही यादी चुकीची म्हणेल. आयसीयू या भाषांचे नियम असलेल्या लायब्ररीचं मराठी कोलेशन लावलं की काळे कासारांच्या खाली जातात. कानडी आणि मराठी नावं एकाच रकान्यात असतील तर कोलेशन क्वेरीपुरतं लावावं, टेबलाला नव्हे.

सगळेच मॅनेज्डवर नाहीत. छोट्या संस्थांना ते बिल झेपत नाही. त्यांचं पोस्टग्रेस आम्ही साध्या मशीनवर चालवतो. तिथे हिशेब करून घ्यावा लागतो. दर पाच मिनिटांनी वॉल फाइल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) बाहेर पाठवायची ठरवली, तर थोडीशी हालचाल असतानाही १६ एमबीच्या २८८ फाइली, म्हणजे दिवसाला साडेचार जीबी. कॉम्प्रेशन लावलं की यातलं बरंचसं उडून जातं. शाखेतला रेप्लिका (मुख्य डेटाबेसची चालती प्रत) सणाच्या सुट्टीत बंद राहिला, की त्याचा स्लॉट (त्याने कुठवर वाचलं याची खूण) या फाइली मुख्य मशीनवर धरून ठेवतो, डिस्क भरते आणि पोस्टग्रेस बसतं. स्लॉटला मर्यादा घालायची सोय १३ पासून आहे, मूळ सेटिंग मात्र अमर्याद.

पोस्टग्रेसची प्रत्येक मेजर आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते आणि मुदत नोव्हेंबरात संपते. १३ ची २०२५ मध्ये संपली. नेमका तेव्हाच इथे गाळप जोरात असतं आणि काटा चोवीस तास चालतो. त्यामुळे काट्यांचे अपग्रेड जून ते सप्टेंबर, पतसंस्थांचे मार्च-एप्रिल सोडून केव्हाही. १८ च्या आधीच्या आवृत्तीवर अपग्रेड करताना आकडेवारी (क्वेरी कशी चालवायची हे ज्यावरून ठरतं ती) सोबत येत नाही. ॲनालाइझ, म्हणजे ती नव्याने गोळा करणं, पूर्ण झाल्याशिवाय काउंटर उघडू द्यायचा नाही.