पावसाळा, मनगट आणि हाडातल्या पेशी

जून लागला की गोव्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. पाय सटकतो, माणूस हात टेकतो आणि मनगटाजवळ रेडियस, म्हणजे हाताचं अंगठ्याकडचं हाड, मोडतं.

पेशींच्या ऊती, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था, हे शाळेत सगळेच पाठ करतात. हाडात ते नीट पाहायला मिळतं. ऑस्टिओब्लास्ट पेशी कोलॅजन या प्रथिनाचं जाळं विणतात, त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार बसतात. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात. प्रौढ माणसाच्या 206 हाडांत ही तोडजोड अखंड चालू असते. निर्जीव सांगाडा तो प्रयोगशाळेतला!

मोडल्या जागी आधी रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ कॅलस, म्हणजे तुटलेली टोकं सांधणारा गोळा, तयार होतो, मग त्याचं कठीण हाड. मनगटाचं प्लॅस्टर साधारण 5-6 आठवडे असतं. हाड पुन्हा मूळ घडणीवर यायला मात्र कित्येक महिने जातात. दुखायचं थांबलं म्हणून चौथ्या आठवड्यातच प्लॅस्टर कापणारे महाभाग असतात. कॅलस तेव्हा कच्चा असतो, हाड वाकडं जुळू शकतं. तंबाखूनेही जुळणी रेंगाळते.

प्लॅस्टर असताना बोटं हलवत राहा, हात उशीवर उंच ठेवा. बोटं बधिर किंवा निळी पडली, दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट न पाहता थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा. आत सूज दाबली जाऊन रक्तपुरवठा तुटत असतो.

खाण्यात तारले मासे मऊ शिजवून काट्यासकट घ्या. शाकाहाऱ्यांना नाचणी आहेच, 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम.