खाण बंद करताना जमीन परत कशी द्यायची

यंत्रं हलवली, गेटला कुलूप लावलं की खाण बंद झाली, असं कायदा मानत नाही. लोहखनिज, मँगनीज, चुनखडी अशा प्रमुख खनिजांच्या खाणींना 'खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७' लागू होतात. (दगड, मुरूम, वाळू यांच्यासाठी राज्याचे गौण खनिज नियम बघायचे. वणी-चंद्रपूरच्या कोळशाची एस्क्रो खात्याची, म्हणजे खाणबंदीचे पैसे आधीच वेगळ्या खात्यात ठेवण्याची, पद्धतही वेगळी.) या नियमांप्रमाणे जमीन दुरुस्तीचं काम खोदाईच्या जोडीनंच चालायला हवं. त्यासाठी प्रगतिशील, म्हणजे खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्यानं राबवायचा, खाणबंदी आराखडा असतो. अंतिम आराखडा खाण बंद करण्याच्या दोन वर्षं आधी मंजुरीला द्यायचा असतो. शिवाय दरवर्षी १ जुलैपूर्वी भारतीय खाण ब्यूरोला कळवायचं, की ठरलेल्यापैकी किती काम झालं, आणि झालं नसेल तर का.

पहिली चूक होते ती पहिल्याच हंगामात, वरच्या मातीची. नियम सरळ आहे: ही माती वेगळी काढा, लगेच वापरता येत नसेल तर वेगळी साठवा. एक हेक्टरवरची ३० सेंटिमीटर माती म्हणजे ३,००० घनमीटर. ती काढली की फुगते, म्हणजे १० घनमीटरच्या टिपरच्या साडेतीनशेच्या आसपास खेपा. तो खर्च आणि ती जागा वाचवायला कंत्राटदार माती वेस्टमध्येच (खनिज नसलेल्या टाकाऊ माती-दगडात) ढकलतो. मग दहा वर्षांनी डंपवर, म्हणजे त्या टाकाऊ मालाच्या ढिगावर, लावायला माती कुठून आणणार? दुसऱ्याचं शेत खरवडून? साठवायची तर ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच नको आणि पावसाआधी त्यावर गवत पेरलेलं हवं. उंच ढिगात आतली माती गुदमरते, तिच्यातलं बी आणि जीवजंतू मरतात.

आता डंप. आराखडा वाचणाऱ्यांनी इथे थांबून गणित करावं, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. पर्यावरण मंजुरीत बहुतेकदा अट असते, की डंपचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको. टिपरनं नुसती ओतलेली माती साधारण ३७ अंशांवर थांबते. ३० मीटर उंच डंपला ३७ अंशांत कडेपासून पायथ्यापर्यंत आडवे ४० मीटर लागतात, २८ अंशांत ५६. म्हणजे प्रत्येक बाजूला १६ मीटर जागा जास्त. ती मिळवायची पद्धत अशी: १० मीटरचे तीन टप्पे करायचे आणि मध्ये आठ-आठ मीटरच्या दोन पायऱ्या सोडायच्या. पायरीचा उतार आतल्या बाजूला हवा, म्हणजे पाणी तोंडावरून न उतरता आतल्या चरात जाईल. लीजच्या (खाणपट्ट्याच्या) हद्दीलगत ७.५ मीटरचा सुरक्षा पट्टा मोकळा ठेवायचा तो वेगळाच. हे १६ मीटर पहिल्या दिवशी सोडले नाहीत तर नंतर सापडत नाहीत. पायथा हद्दीला टेकलेला असतो आणि पलीकडे सरकायला परवानगी नसते. गोव्यातल्या खाणींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की लीजबाहेर डंपिंग चालणार नाही.

कोकण-गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. डंपभोवती चर, पायथ्याला भिंत, खाली गाळ बसायला तळी, हे सगळ्याच आराखड्यांत असतं. बिघडतं ते पुढे. भिंतीला पाणी झिरपायला भोकं ठेवलेली नसतात, मागे पाणी तुंबतं आणि भिंत फुटते. तळ्यातला गाळ मे महिन्यात काढलेला नसतो, त्यामुळे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसातच तळं भरतं आणि लाल पाणी थेट शेतात उतरतं. भातशेतीत बसलेला तो बारीक गाळ वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो. ते नुकसान कुठल्याही खाणबंदी खर्चात धरलेलं नसतं.

हिरवं दिसतं म्हणजे जमीन सुधारली, असंही नाही. डंपवर सगळीकडे अकेशिया लावली की उपग्रहाच्या फोटोत रान दिसतं. झाडाखाली मात्र नुसता पाचोळा असतो, गवताची काडी नाही. सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२० ला आदेश दिला, की खाणकाम थांबल्यावर पट्टेधारकानं तिथे आणि त्या कामानं बिघडलेल्या इतर जागेतही पुन्हा गवत लावायचं, जमीन चारा उगवण्यालायक करायची. ही अट लीजमध्येही घालायची आहे. म्हणून उतारावर काथ्याची जाळी, वाळा, स्थानिक गवतं आधी आणि झाडं नंतर, हाच क्रम बरोबर.

राहिले पैसे. याच नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर 'अ' वर्गाच्या (मोठ्या, यांत्रिक) खाणीला वापरात आलेल्या दर हेक्टरमागे ५ लाख आणि बाकीच्या, 'ब' वर्गाला ३ लाख रुपयांची हमी द्यावी लागते. 'अ' वर्गात ६० हेक्टर वापरात असतील तर ३ कोटी. ते ६८ झाले की आणखी ४० लाख. ही हमी म्हणजे सुटकेची किंमत नव्हे. काम झालं नाही किंवा होणार नाही असं अधिकाऱ्याला वाटलं तर ३० दिवसांची नोटीस निघते. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर रक्कम जप्त होते आणि त्या पैशांतून काम राज्य सरकार करून घेतं. अंतिम आराखडा मुदतीत दिला नाही, तरीही जप्तीच.

खाणीजवळच्या गावांसाठी एक सांगतो. पर्यावरण मंजुरीच्या अटी कितपत पाळल्या याचा अहवाल खाणीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे तो सार्वजनिक दस्तऐवज आहे, अर्ज केला की प्रत मिळते. दोन्ही मागा, पण डिसेंबरचा बारकाईनं वाचा. तो पावसाळ्यानंतरचा असतो. तळ्यांतला गाळ कधी काढला, कोणत्या डंपची भिंत दुरुस्त केली, हे त्यात शोधा आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याचे तारखेसह काढलेले फोटो शेजारी ठेवून पडताळा.