कौलाखालचा जॅझ

रविवार, रात्री उशिरा. खानापूर, जिल्हा बेळगाव.

गोव्यात पावसाळा लागला की वाजवणाऱ्यांना उसंत मिळते. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत हॉटेलं, लग्नं, नाताळ, नवं वर्ष, मोकळी संध्याकाळ म्हणून मिळत नाही. जून लागला की सगळं थंड. त्यामुळे आमच्या तालुक्यात जॅझ ऐकायचा हंगाम म्हणजे भातलावणीचा हंगाम. आणि गोव्याहून वर येणारा चोर्ला घाटाचा रस्ता सगळ्यात वाईट असतो तोही नेमका तेव्हाच. आज गोव्याचे चौघं वादक पाचला यायचे ते सातला पोचले, कणकुंबीच्या अलीकडे झाड आडवं झालं होतं म्हणे. गाडीतून उतरल्यावर बासवाल्याने आधी पाठ ताणली नाही, चहा विचारला नाही, पहिल्यांदा वाद्याची मान चाचपून बघितली. मग हसला.

आमची भाजी आणि दूध रोज रात्री याच घाटाने गोव्यात उतरतं. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी त्याच वाटेने सॅक्सोफोन वर चढून येतो, एवढीच काय ती परतफेड.

जागा म्हणजे कौलांच्या जुन्या कारखान्याचं गोदाम. खानापूरच्या मातीची कौलं एकेकाळी कुठे कुठे जायची ते घरातले म्हातारे अजून सांगतात. कारखाना बंद पडला, गोदाम राहिलं. जांभ्याच्या भिंती, गिलावा नाही, वर लाकडी कैची आणि कौलं. सत्तर खुर्च्या दाटीवाटीने बसतात, पुढे दोन सतरंज्या. गावात मंगल कार्यालयं आहेत की. फरशी चकाचक, छत स्लॅबचं, आणि आतमध्ये कुणी नुसतं खाकरलं तरी ते तीनदा ऐकू येतं. तिथे ड्रम वाजवायचा म्हणजे शिक्षा, वाजवणाऱ्याला आणि आपल्यालाही. जांभा खडबडीत, भोकाभोकांचा, आवाज गिळतो. उरलासुरला कौलांच्या फटीतून निघून जातो. म्हणून इथे पहिल्या रांगेत बसलेल्यालाही कान दाबावे लागत नाहीत आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ब्रशची सळसळ पोचते. माईक एकच होता, तोही बोलण्यापुरता. पियानोच्या जागी की-बोर्ड, तो आणि डबल बास एकेका छोट्या स्पीकरवर, ड्रम आणि सॅक्सोफोन जसेच्या तसे.

तारेचे ब्रश स्नेअरवर, म्हणजे ड्रमवाल्याच्या पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर, गोल गोल फिरवायचे, पांढऱ्या खरखरीत कातड्यावर. कातडं म्हणायची आपली सवय, असतं ते प्लॅस्टिकचं. आमचे तबल्याचे मास्तर मध्यंतरात जाऊन बोट लावून बघून आले. "पावसात उतरत नाही व्हय हे?" त्यांचा स्वतःचा तबला आठ दिवस झाले धड लागत नाही, दमट हवेने पुडी सैल पडते, हातोडी मारून मारून हात दुखले. ड्रमवाल्याला मराठी येत होती, गोव्याकडची. तो म्हणाला, "माझां उतरना मास्तर, तेचां विचारा," आणि सॅक्सोफोनवाल्याकडे बोट केलं.

तो बिचारा कोपऱ्यात बसून दहा रुपयांच्या नोटेशी खेळत होता. सॅक्सोफोनच्या भोकांवर चामडी गाद्या असतात, दमट हवेत त्या कडेला चिकटतात, मग बोट उचललं तरी भोक उघडत नाही. त्यावर त्याचा इलाज असा: गादी आणि भोक यांच्यामध्ये नोट सरकवायची, हलकेच दाबायची, ओढून काढायची. ओल नोटेला येते. नोट त्याने खिशात न ठेवता वाद्याच्या पेटीतच ठेवली, म्हणजे ती नेहमीचीच असणार. तोंडात वेताची पट्टी धरून हे सगळं चाललेलं. ती पट्टी भिजल्याशिवाय नीट बोलत नाही, त्यामुळे विचारलेल्या प्रश्नांना तो नुसता भुवयांनी उत्तरं देत होता.

आता वाजवण्याबद्दल. सुरुवात ब्लूजने. मास्तर माझ्या शेजारी, बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत. आधी वैतागले, मग तिसऱ्या फेरीला त्यांना सापडलं. "चारचे बारा खण. बारा झाले की परत येऊलालंय बघ." बरोबर. पहिले चार खण षड्जाच्या स्वरसंगतीवर, पुढचे दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा षड्जाच्या, मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटचे दोन षड्जाचे. अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन, ते कुणासाठीही थांबत नाही. सॅक्सोफोनवाला त्यावर काय वाटेल ते करो, खण ठरलेल्या जागीच बदलतो. आपल्याकडे ताल फिरतो आणि खालचा सा तसाच राहतो. इथे जमीनही ताला-लयीत सरकते, आणि वाजवणाऱ्याला तिच्यासकट सरकावं लागतं. सापडल्यावर मास्तरांनी मांडी बदलली आणि नंतर अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत.

त्यांची हरकत होती ती पियानोवाल्याला. हे गाव रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकलेल्यांच्या पंचक्रोशीतलं. साथीची पेटी कशी असावी याची मतं इथे पक्की आहेत: गायकाच्या मागून यावी, त्याची जागा त्याला द्यावी, त्याने सोडलेलं अलगद झेलावं. "हा तर पुढं जाऊन वाट अडवतोय," मास्तर म्हणाले. मला उलट तेच आवडलं. पियानोवाला सलग वाजवतच नव्हता. मध्येच दोन सूर जोरात टाकायचा, मग गप्प. सॅक्सोफोनवाला एक वाक्य अर्धं बोलला की हा त्यावर काहीतरी कुजका शेरा मारल्यासारखा एक ठोका द्यायचा, आणि तो आपलं वाक्य मोडून दुसरीकडे वळायचा. एकदा दोघंही एकदमच थांबले. ते ठरलेलं नव्हतं, ड्रमवाल्याच्या तोंडावरून कळलं. त्याने ती जागा तशीच रिकामी जाऊ दिली, पायाने फक्त हाय-हॅट, पायाने मिटणारी झांजांची जोडी. मात्रा दुसरी आणि चौथी, दुसरी आणि चौथी.

आमच्या लोकांना तेवढं जड जातं. भजनी मंडळात वाढलेले हात पहिल्या मात्रेवर पडतात. मागून टाळ्या सुरू झाल्या त्या पहिली-तिसरीवर. ड्रमवाला हसू दाबत होता. सॅक्सोफोनवाल्याने वाद्य सोडून दोन्ही हात वर केले, एक खण रिकामा सोडला आणि टाळी देऊन दाखवली. अर्धं गोदाम सुधारलं. उरलेल्या अर्ध्याने बाणेदारपणे आपलंच चालू ठेवलं, आणि दोन्हीकडच्या टाळ्या मिळून जे काय तयार झालं त्यावर चौघांनी चांगल्या दोन फेऱ्या काढल्या.

पण दाद देण्याच्या बाबतीत मी आमच्या लोकांच्या बाजूने आहे. जॅझमध्ये रीत अशी की एकेकाची पाळी संपली की टाळ्या. मग टाळ्या संपेपर्यंत पुढच्याचे पहिले दोन-तीन खण वाहून जातात, कुणाला ऐकूच येत नाहीत. बासची पाळी तर क्लबातून गप्पा मारायची, पेला भरून घ्यायची वेळ समजतात. इथे दारू नाही, खाणं नाही, चहा मध्यंतरात. बासची पाळी आली तेव्हा कुणाला बोलायला काही कारणच नव्हतं. त्याने खालच्या तारेवरून एक लांब मींड घेतली, मींडच म्हणतो मी तिला, आणि तिसऱ्या रांगेतून आपोआप "आहाहा" आलं. सरळ मध्येच. त्याने मान वर केली, कुठून आलं ते शोधलं, आणि तीच जागा पुन्हा घेतली, या खेपेला आणखी सावकाश, जरा वाकडी करून. मागे बसलेले आमचे शेजारी, हुबळीकडचे, "भारी ऐतिरी" म्हणाले, म्हणजे भारी आहे हो. पाळी संपल्यावरच्या टाळ्यांनी हे होत नसतं. बैठकीत बसून बसून ही सवय लागते आणि ती या भागात आहे. कुमार गंधर्वांचं सुळेभावी याच जिल्ह्यातलं. मुद्दाम सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

म्हणून "खानापुरात जॅझ कशाला" असं कुणी विचारलं की मला मौज वाटते. 1930 च्या दशकात अमेरिकेतले कृष्णवर्णी वादक मुंबईच्या ताजमध्ये येऊन वाजवू लागले. तिथलेच नावाजलेले जॅझवाले, 1958 ला डेव्ह ब्रूबेक येऊन गेला, 1963 ला ड्यूक एलिंग्टन, 1978 ला मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. आपल्या वाट्याला त्यातलं काही नाही, मान्य. पण त्या मुंबईत वाजवणारे आपले लोक कोण होते? बहुतेक गोव्याचे. गावच्या चर्चच्या शाळेत पाद्र्याकडून व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकलेले. आणि ती पोरं मुंबईला जायची कशी? काही बोटीने. बाकीची गाडीने, मडगावहून कुळे, दूधसागर, कॅसल रॉकला पोर्तुगिजांची हद्द ओलांडून कस्टमवाल्यांसमोर पेट्या उघडायच्या, आणि मग लोंढा. लोंढा आपल्याच तालुक्यात. पुढे बेळगाव, मिरज, पुणे. हिंदी सिनेमाला ज्यांनी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दिला त्यांच्यातले कितीतरी जण लोंढ्याच्या फलाटावर चहा पिऊन गेले असणार. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या उडत्या चालींमागे साथीला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. शंकर-जयकिशनकडे वाद्यमेळ बांधायला सेबास्टियन डिसोझा. मास्तरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, आज सगळ्यात आधी सूर सापडला तो यामुळेच. दुसऱ्याच गतीला त्या म्हणाल्या, "हे तर रेडिओवर लागायचं तसलंच की." तसलंच.

मध्यंतरानंतर पाऊस आला. खानापूरचा पाऊस, म्हणजे कौलावर कुणी खडी ओतावी तसा. त्या वेळी अगदी हळू चाललेलं होतं, ब्रशवर. पहिल्या सरीतच ब्रश गेला, मग बास गेला, सॅक्सोफोनचे खालचे सूर गेले. पियानोवाल्याने वर बघितलं, ड्रमवाल्याकडे बघून खांदे उडवले. त्याने ब्रश खाली टाकून काठ्या उचलल्या, झांजेवर दुप्पट लय धरली आणि तीच गत, तीच चाल, दुप्पट लयीत सुरू झाली. मोठ्या हॉलमध्ये हे झालं असतं का? तिथे पाऊस ऐकूच आला नसता, गत ठरल्यासारखी हळू संपली असती, सगळं व्यवस्थित.

हे सगळं लिहितोय त्याला कारण आहे. कार्यक्रम संपल्यावर तो भरवणाऱ्या आमच्या मंडळींचा विचार निघाला की पुढच्या वर्षी बेळगावात मोठं सभागृह घ्यायचं. आठशे खुर्च्या, पडदा, लाइट, प्रायोजक. हिशेब त्यांचाही खोटा नाही. सत्तर खुर्च्या, तिकीट तीनशे, सगळ्या भरल्या तरी एकवीस हजार. त्यात चौघांचं मानधन, गाडी, रात्रीचा मुक्काम, जेवण, जनरेटरचं डिझेल. मानधन आम्ही देतो ते सांगायची लाज वाटते. ते घेतात कारण जून-जुलैत दुसरं काही नसतं, आणि, बासवाला म्हणाला तसं, सीझनभर जेवणाऱ्या लोकांकडे बघत वाजवल्यावर कुणीतरी ऐकतंय हे बरं वाटतं. पण बरं वाटण्यावर किती दिवस काढायचे त्यांनी?

माझं म्हणणं एवढंच की खुर्च्या वाढवू नका, दिवस वाढवा. शनिवारी एक, रविवारी एक, दोन्ही याच गोदामात. घाट एकदाच चढायचा, गाडी एकदाच, आणि तिकिटाचे पैसे दुप्पट. रविवारी सकाळी शाळेतल्या पोरांना तासभर दाखवा, फुकट. तिकीट पाचशे केलं तरी माझी तक्रार नाही. मात्र मास्तरांसारख्या दहा जणांना बिनतिकीट बसवायचं, त्यांच्याशिवाय त्या "आहाहा"चं काय करणार? आठशे लोकांत ते "आहाहा" बासवाल्यापर्यंत पोचत नाही. त्याच्या डोळ्यावर लाइट असतो, त्याला तिसरी रांग दिसत नाही.

मंगळवारी सगळे बसणार आहोत. खजिनदाराला दोन दिवसांचा विचार पटेलसं वाटतं, मोठ्या सभागृहाचं भाडं त्यानेच चौकशी करून आणलंय आणि तेव्हापासून तो गप्प आहे. पण प्रायोजकाशी ज्यांनी आधीच बोलणी केली आहेत ते ऐकतील का, माहीत नाही. उद्या सकाळी आधी खुर्च्या परत पाठवायच्यात. दोन भिजल्यात, त्याचे पैसे खुर्च्यावाला लावणारच.