तुम्ही विचारलंत म्हणून: पुरात ही झाडं वाहून जात नाहीत का?

नदीपात्रातल्या चुनखडकावरची फुलं कुणाला दाखवली की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसराही येतो, की वर धरण बांधलं तर बिचारी वाचतील ना? काळजीपोटी विचारलेलं असतं, म्हणून सरळ सांगते. पूर थांबला तर ही झाडं जातील.

आधी खडक बघा. कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि ते चुनखडक झिजवत राहतं. भेगा रुंदावतात, खळगे पडतात. पूर दगडगोटे ढकलत येतो, वरचा पृष्ठभाग खरवडून निघतो, पण खोल भेगेतला गाळ बऱ्याचदा जागेवरच राहतो. झाडाचा सगळा संसार त्या चिमूटभर गाळात. पूर ओसरल्यावर गवताचं एखादं ठोंब जवळून पाहावं: पाती प्रवाहाच्या दिशेला लोळलेली, त्यांच्यात काड्या आणि पालापाचोळा गच्च अडकलेला, आणि बुडातून नवी हिरवी पाती वर येत असलेली. पाणी डोक्यावरून गेलं, मुळं भेगेतून हलली नाहीत.

पुढे उन्हाळ्यात हाच खडक तापतो, गाळ कोरडा पडतो. त्यात चुन्यामुळे माती अल्कधर्मी, म्हणजे लोह असूनही मुळांना सहज मिळत नाही. सवय नसलेल्या झाडांची पानं पिवळी पडतात. इतकं सोसणारी झाडं चिवट खरी, पण सावली त्यांना सोसत नाही. दोन पुरांच्या मधे काठावरच्या मोठ्या झाडांची रोपं इथेही रुजतात. त्यांना सलग काही वर्षं मिळाली की खडकावर सावली धरते आणि फुलं संपतात. पूर ती रोपं मोडून नेतो. अमेरिकेत पूर्वेकडच्या डोंगराळ अ‍ॅपलेशियन भागातल्या काही नद्यांच्या काठी, चहूकडे दाट जंगल असताना, खडकांवर बिग ब्लूस्टेम हे प्रेअरीचं, म्हणजे मोकळ्या गवताळ मैदानांचं, गवत उभं असतं, ते यामुळेच. मला हे दर वेळी थक्क करतं.

तिथलंच व्हर्जिनिया स्पायरिया हे झुडूप. ते चुनखडकापुरतं नाही, पण पुरावर जगणारंच. पांढरट फुलांचे चपटे गुच्छ, लवचीक फांद्या. बियांपासून रोपं क्वचितच होतात. पुराने मोडलेले तुकडे खाली वाहत जाऊन रुजतात. 1990 मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. धरणं आणि त्यांनी बदललेला प्रवाह हा त्याच्यापुढचा मोठा धोका.

म्हणून धरण आधीच असेल तिथे माझी मागणी एवढीच: वर्षभर एकसारखी धार सोडू नका. खालच्या वस्तीला सावध करून, अधूनमधून पात्रातली झाडी मोडेल इतक्या जोराने पाणी येऊ द्या.