कळतं सगळं, बोलतात मात्र इंग्लिश

स्पॅनिश इमर्शनमध्ये शिकवते म्हटलं की लोकांना वाटतं मी मुलांना स्पॅनिश शिकवते. तसं नाहीये. मी गणित शिकवते, सायन्स शिकवते, वाचायला शिकवते, दूध सांडलं तर पुसायला लावते, फक्त हे सगळं स्पॅनिशमधून. वर्ग दुसरीचा, शाळा अमेरिकेतली सरकारी, आणि बहुतेक पोरांच्या घरी स्पॅनिशचा गंध नाही.

आमच्याकडे नव्वद-दहा मॉडेल आहे, म्हणजे किंडरगार्टनला दिवसातला ९० टक्के वेळ स्पॅनिश आणि १० टक्के इंग्लिश, मग वर्षागणिक इंग्लिश वाढवत वाढवत वरच्या वर्गात निम्मं निम्मं. काही ठिकाणी सुरुवातीपासूनच ५०-५०. यूटा राज्याने तर २००८ साली कायदा करून असे प्रोग्रॅम सुरू केले, तिथे अर्धा दिवस एका बाईंकडे इंग्लिशमधून आणि अर्धा दिवस दुसऱ्या बाईंकडे दुसऱ्या भाषेतून.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, अहो पण त्यांना कळतं कसं? कळतं हो, तोच तर सगळ्यात सोपा भाग आहे. किंडरगार्टनला शिकवायचे तेव्हा सुरुवातीचे आठवडे मी बोलायचे कमी आणि हातवारे जास्त, बसा म्हणताना बसायचं, कात्री म्हणताना कात्री वर धरायची, रोज तीच वाक्यं त्याच क्रमाने, आणि पोरांचं आपलं एकमेकांकडे बघत बघत बरोबर चाललेलं असतं. पहिलं अख्खं वाक्य जवळजवळ प्रत्येकाचं एकच असतं, 'पुएदो इर आल बान्यो?', म्हणजे बाथरूमला जाऊ का. गरज ही मोठी शिक्षिका आहे, आमच्यापेक्षाही.

खरी डोकेदुखी पुढे. दुसरीत आल्यावर मी कितीही लांबलचक सूचना दिली तरी कळते, वही काढा, तारीख घाला, फक्त सम संख्यांना गोल करा, सगळं बिनचूक. आणि विचारलं हा गोल का केलास, की उत्तर येतं झकास इंग्लिशमध्ये. शेजारच्याशी इंग्लिश, भांडण इंग्लिश, गुपित इंग्लिश.

हे काही माझ्याच वर्गाचं दुखणं नाही. १९६५ मध्ये कॅनडात माँट्रिऑलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्लिश बोलणाऱ्या आईबापांनी मागे लागून फ्रेंच इमर्शनचा वर्ग सुरू करायला लावला, तोच नमुना घेऊन १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत स्पॅनिशचा झाला. त्या कॅनडातल्या मुलांना ऐकून-वाचून समजायचं अगदी फ्रेंच मुलांच्या जवळपास, पण बोलण्या-लिहिण्यात ती बरीच मागे. त्यावरूनच मेरिल स्वेन या कॅनडातल्या भाषा-संशोधक बाईंनी १९८५ साली मांडलं की नुसतं कानावर पडून भागत नाही, मुलाला बोलावं लागतं, बोलताना अडावं लागतं. दुसरीच्या वर्गात एक दुपार काढली तरी हे कुणालाही पटेल.

म्हणून माझी निम्मी तयारी धडा कसा समजावू याची नसतेच, पोरांचं बोलल्याशिवाय अडेल कसं याची असते. हातच्याची वजाबाकी घ्या, ५२ वजा २७. मी जोड्या लावते, एकाकडे उदाहरणाचा कागद आणि दुसऱ्याकडे दशक-एककांचे ठोकळे, कागदवाल्याने ठोकळ्यांना हात लावायचा नाही आणि ठोकळेवाल्याने सांगितल्याशिवाय काही हलवायचं नाही, आणि सांगायचं स्पॅनिशमध्येच. फळ्यावर वाक्यांचे सांगाडे लिहिलेले असतात, 'प्रिमेरो...', 'देस्पुएस...', 'पोर्के...', म्हणजे आधी, मग, कारण. मग एकजण सुरू करतो, 'नेसेसितो... उम्म... रोम्पेर ला देसेना', म्हणजे मला दशक फोडायचाय. समोरची ठोकळे मुठीत गच्च धरून विचारते, 'पोर के?', म्हणजे का? आता आली का पंचाईत! हा ठोकळ्यांकडे बघतो, माझ्याकडे बघतो, मी खिडकीबाहेर बघते. शेवटी, 'पोर्के दोस नो पुएदे... कितार सिएते'. क्रियापद चुकलंय, रचना वाकडी, पण दोनातून सात जात नाहीत हे त्याने एका परक्या भाषेत पटवून दिलं आणि दशक फुटला! मला त्या दिवशी क्रियापदाची काही पडलेली नसते.

पण सगळ्यात भारी भाषेचा तास म्हणजे मधल्या सुट्टीनंतरची गाऱ्हाणी. दारातच गर्दी, 'माएस्त्रा, एल एम्पुखो मे!' बाई, त्याने मला ढकललं, असं म्हणायचंय. स्पॅनिशमध्ये तो 'मे' क्रियापदाच्या आधी यायला हवा, पण डोक्यातला सगळा क्रम इंग्लिशचा ना. मी चूक वगैरे म्हणत नाही, डोळे मोठे करून विचारते, 'ते एम्पुखो? किएन ते एम्पुखो?', तुला ढकललं? कुणी ढकललं? आणि पुन्हा सांगताना कुणी तरी 'मे एम्पुखो' म्हणून जातं, कुणी म्हणत नाही. रागात असलेलं पोर न्याय मिळेपर्यंत हार मानत नाही, आणि मी न्याय फक्त स्पॅनिशमध्येच देते.

वाचनाचं त्या मानाने सोपं. मा मे मी मो मू, आपली बाराखडीच जणू, एकदा जमलं की लांबलचक शब्दही पोरं धडाधड वाचतात. एच उच्चारायचा नाही आणि बी-व्ही दोघांचा आवाज एकच, त्यामुळे लिहिताना गोंधळ होतो तेवढाच. आईवडिलांना धास्ती इंग्लिशची, पेरेंट मीटिंगला दरवर्षी हाच विषय, शेजारचा मुलगा जाड जाड इंग्लिश पुस्तकं वाचतो आणि आमची अजून अडखळते. कॅनडातही सुरुवातीला इंग्लिश वाचन आणि स्पेलिंग मागे पडलेलं दिसलं होतं आणि इंग्लिशचे तास सुरू झाल्यावर ते भरून निघालं, हे मी सांगते, ते मान डोलावतात, आणि घरी जाऊन बहुधा फ्लॅशकार्ड ऑर्डर करतात.

निम्मी मुलं घरूनच स्पॅनिश बोलणारी असतील तर चित्र वेगळं असतं. मायामीच्या कोरल वे शाळेत १९६३ मध्ये क्यूबातून आलेली मुलं आणि इंग्लिश बोलणारी मुलं, दोघांनाही दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात झाली, आणि मला विचाराल तर मला तीच पद्धत जास्त आवडते, कारण तिथे स्पॅनिश फक्त बाईंची भाषा राहत नाही. अर्थात तिथेही खेळताना इंग्लिशच वरचढ ठरतं असं तिथल्या मैत्रिणी सांगतात, घरी आजीशी स्पॅनिश बोलणारं पोरही मैदानावर इंग्लिशवर येतं. कुठल्या भाषेला भाव आहे हे मुलांना आपण न सांगताच कळतं, याचा मला दर वेळी राग येतो.

आणि पालकांनो, हात जोडून एक विनंती, पाहुण्यांसमोर 'स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलून दाखव' एवढं करू नका. पोर गप्प बसतं, तुम्ही मला ईमेल करता की वर्षभर काही शिकवलंच नाही का. त्यापेक्षा एखादं स्पॅनिश गोष्टीचं पुस्तक घेऊन मुलांसमोर चुकीचं वाचायला लागा. ती तुम्हाला दुसऱ्या ओळीपर्यंतही जाऊ देणार नाहीत.