डेंग्यूची पट्टी बनवताना: सोन्याच्या कणांपासून रुग्णाच्या सिरमपर्यंत

डेंग्यूच्या विषाणूचं, संसर्ग झाल्यावर रुग्णाच्या रक्तात सापडणारं एनएस१ प्रथिन ओळखणारी, सोन्याच्या नॅनोकणांवर चालणारी पट्टी विद्यापीठाच्या लॅबमध्ये पहिल्यापासून बनवायची, तर कुठे काय बिघडतं ते इथे मांडते आहे. पट्टीत सोन्यावर चढवलेली अँटिबॉडी नमुन्यातलं एनएस१ धरून पुढे वाहते, पडद्यावरच्या रेषेतली अँटिबॉडी त्याला अडवते आणि तिथे लाल रेषा दिसते; वेगळी कंट्रोल रेषा पट्टी नीट चालली एवढंच सांगते. सगळ्यात मोठी चूक आधीच सांगते. पहिले कित्येक महिने मी सगळं बफरमध्येच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणातच, तपासत राहिले. बफरमध्ये ठसठशीत दिसणारी रेषा सिरममध्ये (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवात) पार नाहीशी होऊ शकते. म्हणून पहिली पट्टी कापली की त्याच आठवड्यात निरोगी माणसाच्या सिरममध्ये एनएस१ मिसळून ती चालवून बघा.

सुरुवात काचेच्या भांड्यांपासून. फ्लास्क आणि चुंबकी गोळी दोन्ही अम्लराजाने धुवायची: ३ भाग हायड्रोक्लोरिक, १ भाग नायट्रिक, फ्यूम हूडमध्येच, बाटलीला बूच न लावता. ॲसिटोन त्याच्या जवळपासही नको. मग अतिशुद्ध पाण्याने निदान आठ-दहा वेळा खळबळून घ्यायचं. क्लोरोऑरिक आम्ल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि धातूचा चमचा खातं, त्यामुळे वजन करण्याच्या भानगडीत पडू नका. १ ग्रॅमची कुपी अख्खी १०० मिली पाण्यात विरघळवून १ टक्क्याचं द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा.

४९.५ मिली पाण्यात या द्रावणाचं ०.५ मिली घालून कंडेन्सर लावून खळखळून उकळायचं आणि ताजं बनवलेलं १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट एका झटक्यात ओतायचं. टर्केविचची १९५१ ची ही पद्धत. फ्रेन्सने १९७३ मध्ये सायट्रेटचं प्रमाण बदलून कणांचा आकार बदलता येतो हे दाखवलं. ५० मिलीला १ मिली सायट्रेट घातलं तर कण साधारण १६ नॅनोमीटरचे होतात, ०.५ मिली घातलं तर ४१ च्या आसपास. पट्टीसाठी मला ४० चे कण बरे वाटतात, कारण एकेका कणाचा रंग डोळ्यांना जास्त दिसतो. फिकट पिवळं द्रावण आधी रंगहीन होतं, मग काळपट-निळं, जांभळं आणि शेवटी पातळ कोकम सरबतासारखं लाल. त्यानंतर १५ मिनिटं उकळू द्या आणि ढवळत ढवळत गार करा. प्रकाश शोषणाच्या स्पेक्ट्रममध्ये शिखर ५२६ ते ५३० नॅनोमीटरच्या दरम्यान हवं. ६०० च्या पुढे शेपूट वर उचललेलं दिसलं तर ती तुकडी फेकून द्या. पुढच्या कुठल्याही पायरीवर ती सुधारत नाही.

अँटिबॉडी मागवताना कुपीत आणखी काय काय आहे ते आधी विचारा. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेली अँटिबॉडी या कामाला निरुपयोगी, कारण सोन्यावर आधी बीएसएच जाऊन बसतं. पीबीएसमधली (मीठ असलेल्या फॉस्फेट बफरमधली) असेल तर त्यातलं मीठ उघड्या सोन्याच्या गुठळ्या करतं. आदल्या रात्री २ मिलिमोलर बोरेट बफरमध्ये डायलिसिस केलं, म्हणजे पातळ पडद्यातून मीठ बाहेर जाऊ दिलं, की हा प्रश्न सुटतो. सोन्यावरची एक आणि रेषेवरची एक अशी अँटिबॉडींची जोडी निवडताना एक गोष्ट उपयोगी पडते: पेशीबाहेर पडणारं एनएस१ सहा एककांचं असतं, त्यामुळे एकच अँटिबॉडी सोन्यावर आणि रेषेवर दोन्हीकडे चालू शकते. हाताशी ६ अँटिबॉडी असतील तर ३० नव्हे, ३६ जोड्या तपासा. त्यासाठी पूर्ण पट्टी लागत नाही. कॉन्जुगेट पॅड (अँटिबॉडी चढवलेलं सोनं वाळवून ठेवायचा तुकडा) न लावता अर्धी पट्टी ९६ खाचांच्या प्लेटमध्ये सोनं आणि नमुन्याच्या मिश्रणात उभी केली की पुरतं. डेंग्यूच्या चारही सीरोटाइपचं (उपप्रकारांचं) एनएस१ याच टप्प्यावर घ्या. डेंग्यूच्या जवळच्या झिका विषाणूचंही घ्या, पट्टी त्याला फसते का ते बघायला. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिकाचा रुग्ण सापडल्यापासून महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

आता जोडणी. सोन्याचा पीएच ०.१ मोलर पोटॅशियम कार्बोनेटने ८.५ ते ९ पर्यंत आणायचा. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड उघड्या सोन्यात बुडवू नका, त्याचं तोंड बुजतं. पट्टीकागद वापरा. मग मिठाची चाचणी: ५०० मायक्रोलिटर सोन्याच्या नळ्यांमध्ये दर मिलीला ० ते १० मायक्रोग्रॅम अशी चढत्या मात्रेने अँटिबॉडी घाला, १० मिनिटं थांबा, १० टक्के मिठाचं पाणी १०० मायक्रोलिटर टाका, परत १० मिनिटं थांबा. जी नळी निळी पडली तिच्यात अँटिबॉडी कमी पडली. जी पहिली लाल राहिली, तिच्यापेक्षा थोडी जास्त मात्रा घ्यायची. माझ्याकडे ही मात्रा ४ ते ६ मायक्रोग्रॅमच्या मध्ये येत असे, पण प्रत्येक नव्या तुकडीला चाचणी नव्याने करावीच लागते. अर्थात लाल राहणं म्हणजे फक्त कण स्थिर असणं. अँटिबॉडी एनएस१ पकडते की नाही, हे पट्टीवरच कळतं. भरमसाट अँटिबॉडी घालण्यानेही नुकसान होतं: सुटी राहिलेली अँटिबॉडी सोन्याआधी एनएस१ला धरते आणि रेषा फिकी पडते.

अर्ध्या तासाने १ टक्का बीएसए घालून उरलेली जागा झाकायची आणि ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करायचं. ६००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ६००० पट बलाला) २० मिनिटं मला पुरली. तळाशी मऊ, वाइनच्या रंगाचा थर आला तर उत्तम. काळी, चिकटून बसलेली चकती आली तर वेग जास्त झाला, ते सोनं परत सुटत नाही. दोनदा धुवा. साठवणीच्या बफरमध्ये १ टक्का बीएसए आणि १० टक्के साखर हवीच. साखर कमी पडली की ग्लास फायबर पॅडवर सोनं गुलाबी डाग होऊन अडकून राहतं, पुढे सरकतच नाही.

ज्यावर रेषा ओढतात त्या पडद्याबद्दल: नायट्रोसेल्युलोजच्या नावातला आकडा, म्हणजे १२०, १३५, १८०, हा ४ सेंटीमीटर ओलं व्हायला लागणाऱ्या सेकंदांचा. हळू पडदा जास्त संवेदनशील खरा, पण सिरम दाट असतं आणि १८० वर ते रेंगाळतं. मी १३५ वर स्थिरावले. रेषेसाठी अँटिबॉडी १ मिलिग्रॅम प्रति मिली, दर सेंटीमीटरला १ मायक्रोलिटर. डिस्पेन्सर (रेषा ओढायचं यंत्र) नसेल तर दुसऱ्या विभागाचा वापरायला मागा, हाताने ओढलेली रेषा मोजमापाच्या कामाची नाही. पॅड एकमेकांवर २ मिलिमीटर चढले पाहिजेत. इथे फट राहिली तर प्रवाह तिथेच थांबतो, आणि आपण अँटिबॉडीला दोष देत बसतो.

आपल्याकडचा सर्वांत त्रासदायक शत्रू म्हणजे पावसाळी हवा. डेंग्यूचे नमुने जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतात आणि नेमक्या त्याच दिवसांत उघड्यावर ठेवलेला पडदा ओलावा धरतो, रेषा पसरट होते, वाळलेलं कॉन्जुगेट चिकट होतं. डिह्युमिडिफायर लावलेल्या छोट्या खोलीतच पट्ट्या जोडा आणि सिलिका जेलसह फॉइलच्या पाकिटात लगेच बंद करा. पाकीट फोडल्यावर पट्टी तासाभरात वापरायची, हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

सिरममधल्या अडचणी वेगळ्याच. काही रुग्णांच्या रक्तात उंदराच्या अँटिबॉडीला (पट्टीतल्या अँटिबॉडी उंदराच्याच) चिकटणारे घटक असतात, संधिवाताचा र्‍हुमॅटॉइड फॅक्टरही तसाच वागतो. एनएस१ नसतानाही सोनं आणि रेषा यांच्यात पूल बांधला जातो आणि खोटी पॉझिटिव्ह रेषा उमटते. उपाय म्हणून सॅम्पल पॅडमध्ये (नमुना टाकायच्या तुकड्यात) उंदराचं साधं आयजीजी, म्हणजे एनएस१शी संबंध नसलेली अँटिबॉडी, घालतात. पण कंट्रोल रेषेवर बकरीचं अँटी-माउस (उंदराच्या अँटिबॉडीला धरणारी अँटिबॉडी) असेल तर हे आयजीजी तिथेही जाऊन बसतं आणि कंट्रोल फिकी पडते. हा गुंता मला बराच उशिरा उमगला. कोंबडीचं आयजीवाय (कोंबडीची अँटिबॉडी) वेगळ्या सोन्यावर चढवलं, कंट्रोल रेषा अँटी-चिकनची केली आणि प्रश्न मिटला.

दुसरा धोका अति एनएस१चा. रुग्णाच्या रक्तात ते प्रति मिली काही नॅनोग्रॅमपासून ५० मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकतं. फार झालं की सोनं आणि रेषा दोन्ही वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात आणि रेषा उलट फिकी पडते. म्हणून तपासणीची मालिका १ नॅनोग्रॅमवर सुरू करून थेट ५० मायक्रोग्रॅमपर्यंत न्या. निकाल १५ ते २० मिनिटांत वाचायचा. पट्टी सुकू लागली की सोनं मागे ओढलं जातं आणि भासमान रेषा उमटते. मोबाइलने फोटो काढत असाल तर बंद पेटीत, ठरावीक दिव्याखाली, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून.

रुग्णांच्या नमुन्यांसाठी नैतिकता समितीची परवानगी लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तपासणीनंतर उरलेल्या, ओळख पुसलेल्या नमुन्यांसाठीही अर्ज करावाच लागतो. अँटिबॉडीची ऑर्डर जाते त्याच दिवशी तो भरा, बैठकांच्या तारखा आपल्या हंगामासाठी थांबत नाहीत. संमतीपत्र मराठीत, रुग्णाला वाचून कळेल असं लिहा. प्रत्येक नमुन्याबरोबर तापाचा कितवा दिवस हे नोंदवलंच पाहिजे. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ एलायझा (अँटिबॉडी वापरून प्लेटमध्ये होणारी प्रयोगशाळेतली चाचणी) आणि त्यानंतर पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या) किटवर होणारी, रुग्णाच्या आयजीएम अँटिबॉडी शोधणारी मॅक-एलायझा, अशी सरकारी पद्धत आहे. दिवस माहीत नसेल तर आपली पट्टी कशाशी ताडायची, हेच कळत नाही. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांमध्ये आधीच्या अँटिबॉडी एनएस१ला झाकून टाकतात, तिथे पट्टी कमी पडणार हे धरून चाला. नमुने ५० मायक्रोलिटरच्या कुप्यांमध्ये उणे ८० वर ठेवा, एकदाच वितळवा. चिकुनगुनिया, मलेरिया, टायफॉइड आणि लेप्टोच्या रुग्णांचे, डेंग्यू नसलेले नमुनेही हवेत.

पट्टी वाचणाऱ्या दोघांना एलायझाचा निकाल सांगू नका. आणि ३० पॉझिटिव्हपैकी ३० बरोबर आले म्हणून शंभर टक्के लिहू नका. ९५ टक्के विश्वासांतराची (खरा आकडा ज्या टप्प्यात असावा त्याची) खालची मर्यादा तेव्हाही ८८ टक्क्यांच्या आसपासच असते. हा आकडा मी आता तक्त्यात निकालाच्या शेजारच्याच रकान्यात छापते.